सरळ वाट आणि जवळची वाट

सरकारी दप्तरांत एकेकाळी पूर्व आणि पश्चिम खानदेश म्हणून नोंदल्या गेलेल्या, आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, ज्यांची मुले कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत अशी कुटुंबे आता तालुक्याच्या गावीही आढळतात. आणि मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना निरोप देण्यासाठी जमलेल्या मंडळींत विमानाच्या वाटेविषयी जी चर्चा रंगते, तीत आत्मविश्वास असतो तेवढा भूगोल नसतो.

शाळेच्या भिंतीवरील सपाट नकाशात अमेरिका डाव्या हाताला असल्यामुळे विमानाने अरबस्तान, युरोप आणि अटलांटिक ओलांडूनच गेले पाहिजे, असा बहुतेकांचा ग्रह असतो. परंतु पृथ्वीच्या गोलावर जळगावपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो तिबेट आणि सैबेरियावरून आर्क्टिकच्या किनाऱ्यापर्यंत चढतो व अलास्कामार्गे खाली उतरतो. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आणले, ते याच न्यायाने उत्तर ध्रुवावरून. अर्थात दोऱ्याची वाट ही विमानाची वाट असतेच असे नाही. केबिनमधील हवेचा दाब गेल्यास विमानाला तातडीने सुमारे 10,000 फुटांपर्यंत उतरावे लागते, आणि तिबेटचे पठार त्याहूनही उंच असल्याने वैमानिक ते शक्यतो टाळतात.

जवळची वाट लवकर पोहोचवते, हा समज तर अधिकच दृढ आहे. त्याविरुद्ध दाखला दिल्लीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान आरंभी अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जाई. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले, तेव्हा अंतर सुमारे 15,300 किलोमीटर झाले, आणि तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर संपला. दहा किलोमीटरच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वायुप्रवाहाने विमानाला पाठीमागून रेटा दिला, एवढेच त्याचे रहस्य.

या वेगाचे श्रेय काही विद्वान पृथ्वीच्या भ्रमणाला देतात आणि वर उलटा निष्कर्ष काढतात, की पश्चिमेकडे जाताना खालची भूमी आपणहून जवळ येते. जळगावच्या अक्षांशावर पृथ्वीचा वेग ताशी सुमारे 1,550 किलोमीटर आहे खरा, पण वातावरणही तिच्यासमवेतच फिरते. भुसावळहून सुटलेल्या धावत्या गाडीत उडी मारणारा प्रवासी मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, यावर या विद्वानांनी विचार केलेला दिसत नाही.

जळगावला 2012 पासून विमानतळ आहे, धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उड्डाणे करतात, मग मुंबईपर्यंत हेलपाटा कशाला, ही तक्रारही ऐकू येते. ती केवळ सरकारी अनास्थेवर ढकलणे अन्यायाचे होईल. जळगावची धावपट्टी सुमारे पावणेदोन किलोमीटरांची, एटीआरसारख्या छोट्या विमानांस पुरेशी. इंधनाने भरलेले, तीनशे टनांवर वजनाचे दूरपल्ल्याचे विमान उडवण्यास तीन किलोमीटरांच्या आसपास लांबी लागते. त्यात वैशाखात पारा 45 अंशांवर गेला, की हवा विरळ होऊन पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनांचा जोर घटतो, आणि तीच धावपट्टी आणखी अपुरी पडू लागते.