मनाची खिन्नता आणि चिनी औषधे

म्हातारपणी अधूनमधून उदास वाटणे वेगळे आणि ‘दिकाऊन’, म्हणजे नैराश्याचा आजार, वेगळा. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी झालो असे वाटणे, ही त्याची लक्षणे होत. आपल्या वयाची माणसे मनाचे दुखणे सांगत नाहीत. गुडघे दुखतात, अंगात त्राण नाही, एवढेच सांगतात. मग औषधही गुडघ्यालाच मिळते.

आम्हां ज्येष्ठांत हल्ली चिनी उपचारांविषयी बरेच बोलले जाते. तेव्हा त्यांत तथ्य किती, ते पाहू.

चिनी वैद्यक सांगते की, शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते. ती अडली की मन कोंडते. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या ग्रंथात, वारंवार रडू येणाऱ्या स्त्रियांसाठी ज्येष्ठमध, गहू आणि चिनी बोरे यांचा काढा दिला आहे. असे काढे आजही घेतले जातात. त्यांवर चीनमध्ये पुष्कळ चाचण्या झाल्या. पण बहुतेक लहान व ढिसाळ असल्याने त्यांवर पक्का भरवसा ठेवता येत नाही.

सुया टोचण्याच्या उपचाराची, म्हणजे ॲक्युपंक्चरची, परीक्षा अधिक नीट झाली आहे. उत्तर इंग्लंडमधील ७५५ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिलेल्यांना तीन महिन्यांनी, केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे वाटले. मात्र समुपदेशन मिळालेल्यांनाही जवळजवळ तेवढाच गुण आला. म्हणजे गुण सुईचा किती आणि कोणी शांतपणे आपली विचारपूस केल्याचा किती, हे सांगणे कठीण. २०१८ साली ६४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांतही थोडाफार फायदा दिसला, परंतु पुरावा कच्चाच ठरला.

तेव्हा सुया घ्यायच्या तर जोड म्हणून घ्याव्यात, गोळ्यांऐवजी नव्हे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनानेच एकदम बंद केल्यास चक्कर येते, झोप उडते आणि आजारही उलटतो.

काढ्यांच्या बाबतीत अधिक जपावे. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. पुष्कळ चिनी काढ्यांत असणारी ‘डांग ग्वे’ ही मुळी कुमाडिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून कुपत होलिममध्ये जाताना काढ्याची पुडी किंवा बाटली पिशवीत टाकावी आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावी. ‘झाडपाल्याचेच आहे, त्याने काय होणार’ असे म्हणून लपवू नये.

आणि वाचकहो, जगणे नकोसे वाटू लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी मुलांना, शेजाऱ्यांना किंवा डॉक्टरांना सांगावे. ‘एरान’ची १२०१ ही दूरध्वनी सेवा रात्रंदिवस चालू असते.