सिमकार्डाआधीची भांडणे

१९८०च्या दशकात पश्चिम जर्मनीतला एखादा व्यापारी गाडीत फोन बसवून फ्रान्सच्या हद्दीत शिरला, की ते महागडे यंत्र मुके व्हायचे. जर्मनीची यंत्रणा वेगळी, फ्रान्सची वेगळी, ब्रिटन आणि इटलीची आणखी निराळी. अपवाद उत्तरेकडच्या चौघांचा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी १९८१-८२मध्ये एनएमटी ही सामाईक यंत्रणा उभारली, तिच्यावर स्टॉकहोमचा फोन ऑस्लोतही वाजे. मात्र तीही अ‍ॅनालॉगच, म्हणजे साधा रेडिओ स्कॅनर घेऊन कुणीही परक्याच्या गप्पा ऐकाव्यात.

युरोपातल्या टपाल-तार खात्यांच्या संघटनेने १९८२मध्ये एक समिती नेमली, ‘ग्रूप स्पेशियाल मोबिल’. अध्यक्ष स्वीडनचे अभियंते थॉमस हॉग. जीएसएम ही अक्षरे या फ्रेंच नावाची. जगभर प्रसार झाल्यावर त्यांचा अर्थ सोयीने ‘ग्लोबल सिस्टिम’ करून घेतला.

समिती म्हटली की आपल्याला चहा-बिस्किटे आठवतात. इथे मात्र खरी रस्सीखेच झाली. १९८६मध्ये पॅरिसला वेगवेगळ्या नमुन्यांच्या चाचण्या झाल्या. फ्रान्स आणि जर्मनीचा कल रेडिओलहरींच्या रुंद पट्ट्याच्या तंत्राकडे होता, बहुतेक देशांना अरुंद पट्टा हवा होता. फेब्रुवारी १९८७मध्ये मदेइरा बेटावर भरलेल्या बैठकीतही हे दोघे हटेनात. मेमध्ये बॉनला मंत्र्यांनीच तोडगा काढला, आणि ७ सप्टेंबरला कोपनहेगनमध्ये १३ देशांतल्या १५ दूरसंचार संस्थांनी करारावर सह्या केल्या. माझ्या मते जीएसएमचा खरा शोध हा करारच. यंत्रे अजून तयार व्हायची होती, पण ती बनवली तर गिऱ्हाईक कुठे असेल हे कारखानदारांना कळले.

तंत्र म्हणाल तर पाळीचे. २०० किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यात आठ जण बोलतात. आवाजाचे आकडे करायचे, दाबून बारीक करायचे आणि प्रत्येकाने आपल्या पाळीला ते अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळात पाठवायचे. पाळी इतक्या भरभर येते की कानाला खंड जाणवत नाही. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी टाम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना पहिला व्यावसायिक जीएसएम कॉल केला.

पण सामान्य माणसाच्या पदरात पडले ते सिमकार्ड. नंबर कार्डात, फोन वेगळा. त्याची किंमत भारतात २००२नंतर सीडीएमए या दुसऱ्या तंत्राचे फोन आले तेव्हा समजली. त्यांतल्या बहुतेकांत कार्डच नव्हते, नंबर हँडसेटलाच चिकटलेला. कंपनी बदलली की फोन बाद. जीएसएमवाला मात्र कार्ड काढून भावाच्या जुन्या फोनमध्ये घालायचा आणि मोकळा व्हायचा.

आपल्याकडे जीएसएम आधीच आले होते. ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो याच यंत्रणेवर. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे लोक स्क्रीनवर नंबर बघून फोन कापत आणि कोपऱ्यावरच्या पीसीओतून उलट फोन लावत. एक तंत्र सगळ्यांचे असले तरी दर आपोआप उतरत नाहीत. त्यासाठी स्पर्धा आणि नियम दोन्ही लागले, येणारे कॉल फुकट व्हायला २००३ उजाडले.

एका बाबतीत मात्र युरोपच्या त्या टेबलावर आपली आठवण कुणाला झाली नाही. एसएमएसला जागा १४० बाइट. सात-सात बिटांत बसवली तर रोमन अक्षरे १६० मावतात. त्या सात बिटांच्या तक्त्यात स्कँडिनेव्हियन अक्षरे आहेत, ग्रीक कॅपिटलेही आहेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिटे लागतात, म्हणून एका एसएमएसात फक्त ७०, आणि काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजायचे. ‘महाराष्ट्र’ लिहिताच दहा गेले. शिवाय कित्येक फोनांत देवनागरी दिसायचीच नाही, चौकोन यायचे. म्हणून आपण वर्षानुवर्षे रोमनमध्ये मराठी लिहीत राहिलो. त्यात ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकच; कुठले म्हणायचे आहे ते वाचणाऱ्याने ओळखायचे.