स्थिर आकार

वीजबिले तारेत ओवून ठेवण्याची जुनी रीत आमच्या घरी अजून चालू आहे. परवा ती तार खुंटीवरून उतरवून बिले चाळीत बसलो असता 'स्थिर आकार' या ओळीवर नजर पुन्हा पुन्हा अडखळली. दिवा लावा वा न लावा, ही रक्कम भरावयाचीच. महाराष्ट्राने गेल्या तीस-बत्तीस वर्षांत वीज कशी खरेदी केली याचा मागोवा घेणाऱ्याने आरंभ याच ओळीपासून करावा, कारण दाभोळ वीजप्रकल्पाच्या करारनाम्याचे सारे वजन अशाच एका आकारावर तोललेले होते.

जून 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी समझोता झाला आणि 8 डिसेंबर 1993 रोजी दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार झाला, तेव्हा गल्लीतल्या गटारालाही लागणारी जाहीर निविदा या अवाढव्य व्यवहारासाठी मागविली गेली नव्हती. अटी अशा होत्या, की संयंत्र सज्ज असले म्हणजे राज्य वीज मंडळ वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचा आकार देय. त्याचा मोठा हिस्सा डॉलरशी जखडलेला, इंधनाचा भाव परदेशी बाजाराच्या लहरीवर सोडलेला, आणि मंडळाने थकविले तर राज्य सरकार जामीन, राज्यानेही हात वर केले तर केंद्र जामीन. जागतिक बँकेने 1993 मध्येच या प्रकल्पास कर्ज नाकारले होते. ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने मुंडे समितीच्या अहवालानंतर करार मोडीत काढला, आणि पुन्हा वाटाघाटी होऊन 1996 मध्ये तो 2,184 मेगावॅटचा, म्हणजे पूर्वीपेक्षा मोठा, होऊन परतला!

या गदारोळात पुण्याने जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. 'प्रयास' या संस्थेत गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी 1995 मध्ये घोषणांच्या फंदात न पडता करारातील अटींचा ताळेबंदच मांडला. पुढे त्या गणिताची प्रचिती बिलांतून आली. मे 1999 मध्ये नाफ्त्यावर पहिला टप्पा सुरू झाला. वीज महाग म्हणून मंडळ कमी उचलू लागले आणि कमी उचलली म्हणून तोच स्थिर आकार मोजक्या युनिटांवर पसरून दर आणखी चढला, इतका की काही महिन्यांत युनिटमागे सात रुपयांच्याही वर गेला. या प्रकल्पाची छाननी करणाऱ्या माधव गोडबोले यांच्या समितीचा अहवाल एप्रिल 2001 मध्ये आला, मे महिन्यात संयंत्र थंडावले, आणि डिसेंबरात एन्रॉनचेच दिवाळे निघाले.

मग आले भारनियमन. गुहागरच्या किनाऱ्यावर दाभोळचे एवढे मोठे संयंत्र कुलूपबंद, आणि इकडे पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दुकानापुढे डिझेलचे जनित्र धडधडते आहे, काउंटरवर मेणबत्ती आहे आणि गिऱ्हाईक कापडाचा रंग उजेडात पाहण्यासाठी ठाण घेऊन दारापर्यंत येते आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना करारातील कलमांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

2006 मध्ये पुण्यात या भारनियमनावर तोडगा निघाला तो अगदी घरगुती. कारखान्यांनी मागणीच्या ऐन तासांत आपापली जनित्रे चालवून तेवढी वीज जाळ्यातून कमी घ्यावी, वाचलेली वीज शहराला मिळावी, आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी सोसावा. उद्योजकांनी प्रस्ताव मांडला, वीज नियामक आयोगापुढे तो उघडपणे तपासला गेला, आणि महिन्याला 300 युनिटांहून अधिक वापरणाऱ्या घरांवर युनिटमागे 42 पैसे जादा आकारणी ठरली. डिझेलचा धूर ही या सोयीची दुसरी बाजू, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि कोण किती देतो आणि कशासाठी देतो, हे इथे कुणापासून लपलेले नव्हते.

दाभोळ त्याच सुमारास 'रत्नागिरी गॅस' या नव्या नावाने जागे झाले, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू आटताच 2013 मध्ये पुन्हा निजले, आणि नंतर काही वर्षे रेल्वेला वीज देत राहिले.

आमच्या घरी 300 युनिटे कधी जळलीच नाहीत. त्यामुळे त्या 42 पैशांची ओळ तारेवरच्या एकाही बिलावर सापडली नाही. स्थिर आकाराची मात्र चुकली नाही.