गदा मिळाल्यानंतरची पहाट

उदगीर, देवणी, निलंगा या पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, मग जोड वाढत जातात आणि दिवस कलता कलता शेवटची मानाची कुस्ती लागते. जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन हलगीच्या कडकडाटात मिरवतात. असा फेटा एकदा डोक्यावर आलेले पैलवान गावोगाव सापडतील. वर्षानुवर्षे जिंकत राहणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

‘महाराष्ट्र केसरी’ची यादीच पाहा. ही स्पर्धा 1961 साली सुरू झाली. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांच्यासारख्यांनी ती दोनदा जिंकली, पण लागोपाठ तीनदा जिंकणारा मल्ल दिसायला पन्नास वर्षे जावी लागली. नरसिंग यादवने 2011 ते 2013 अशी तीन वर्षे किताब राखला, त्यानंतर 2014 ते 2016 विजय चौधरीने. यामागे नुसती ताकद नाही. किताब मिळाला की राज्यातला प्रत्येक पैलवान तुमच्याच डावांचा अभ्यास करू लागतो. गेल्या वर्षी हमखास बसलेल्या डावाची तोड यंदा समोरचा तालमीत घोटून आलेला असतो. टिकायचे तर विजेत्यालाच आपली कुस्ती पुन्हा नव्याने बांधावी लागते.

अमेरिकेत बास नावाचा मासा गळाने पकडण्याच्या व्यावसायिक स्पर्धा होतात. तिथेही हाच अनुभव. रिक क्लन या गळकऱ्याने त्या खेळातली सर्वांत मानाची ‘बासमास्टर क्लासिक’ स्पर्धा 1976, 1977, 1984 आणि 1990 अशी चारदा जिंकली. पाण्याची पातळी, ऊन, वारा बदलला की मासा जागा बदलतो. कालचा ठिकाणा आज उपयोगाचा नसतो. तरीही 2019 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीवर क्लन मोठी स्पर्धा जिंकला तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. नाव आणि पैसा तर त्याला कधीच मिळाले होते. आज पाणी काय सांगते हे शोधण्याची ओढ सुटली नव्हती, हेच त्याचे खरे कारण असणार.

मराठवाड्यात ही ओढ एका माणसापुरती राहिली नाही, वस्तादाकडून पट्ठ्याकडे चालत आली. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. घडणीसाठी त्यांनी कोल्हापूरची गंगावेश तालीम गाठली आणि 1969 मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले. ती स्पर्धा लातुरातच भरली होती. आपल्या मुलखातल्या मातीवर मिळवलेला तो किताब होता. पुढे 1977 मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. त्या कुस्तीची आठवण जुने शौकीन आजही काढतात.

लंगोट उतरवल्यावर बिराजदार मामा घरी बसले नाहीत. पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवायला घेतली. तालमीचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. आखाडा खोदायचा, माती मोकळी करायची. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू मुरवलेले असते. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर अंगातले त्राण संपेपर्यंत लढती. तिथे प्रेक्षक नसतात, हलगी नसते. हे रोज आवडीने करणारा पोरगाच पुढे टिकतो, कारण जत्रेतला जल्लोष काही मिनिटांचा आणि ही मेहनत जन्माची.

मामांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे घडला. सप्टेंबर 2011 मध्ये मामा गेले आणि राहुल लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांकडे आला. पवार हे 1998 चे अर्जुन पुरस्कारविजेते. रिओ ऑलिंपिकची वाट राहुलसाठी बंद झाली तेव्हा अनेकांनी त्याला मोडीत काढले असते. तो मॅटवर घाम गाळत राहिला. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 2018 साली 57 किलो गटाच्या अंतिम फेरीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 असे हरवले आणि ते सुवर्णपदक दिवंगत मामांना अर्पण केले. लगेच पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य. हा गट ऑलिंपिकमध्ये नसतोच. तरी तो त्याच जिद्दीने उतरला, हे फार मोलाचे वाटते.

जिंकण्याची भूक आणि समोरच्याबद्दलची माया एकाच छातीत मावतात, हे जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत दिसले. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर होते. दोघेही काका पवारांचेच पट्ठे, एकाच तालमीत रोज एकमेकांशी झुंजणारे. सदगीरने 3-2 अशी निसटती बाजी मारली आणि शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. रोजचा जोडीदार तगडा असल्याशिवाय मोठा मल्ल घडत नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

आजही उदगीर, निलंग्याकडच्या होतकरू पोराला मोठे व्हायचे तर पुण्याची नाहीतर कोल्हापूरची एसटी धरावी लागते. दूध, तूप, बदामाचा खुराक कोरडवाहू शेतीवर पेलणे बापाला सोपे नसते. बिराजदारांनी घर सोडले तेव्हा हीच स्थिती होती. चांगली मॅट आणि जाणता वस्ताद तालुक्याच्या गावी मिळाला, तर या पोरांची सुरुवातीची चार वर्षे तरी घरच्या भाकरीवर निघतील.