मेजर चव्हाण उगाच उभा राहिला नाही!

नाना पाटेकर म्हटलं की संवाद आठवतात. पण ‘प्रहार’ (१९९१) मधला मेजर चव्हाण नुसत्या संवादांवर उभा नाही.

या भूमिकेसाठी नानांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीसोबत तब्बल तीन वर्षं प्रशिक्षण घेतलं. दिग्दर्शनही त्यांचंच. कमांडोंना घाम गाळायला लावतानाची ती ताठ मान, तुटक हुकूम, रोखलेली नजर बघा. अंगात मुरल्याशिवाय हे येत नाही.

पुढे सैन्याकडून मानद कॅप्टनपद मिळालं आणि १९९९ च्या कारगिल युद्धात नाना जवानांसोबत राहिले.

सैन्याबाहेरही नाना स्वस्थ बसले नाहीत: २०१५ मध्ये त्यांनी मकरंद अनासपुरेंसह ‘नाम फाउंडेशन’ काढून लातूरसह मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना मदत दिली.

भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या नांदेड-लातूरच्या पोरांनो, ‘प्रहार’ एकदा बघाच!