घरबसल्या अटलांटिकपार



संगणकावर विमान चालविण्याचा छंद लहान मुलांचा, अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यांत नातवानें मला फ्लाइट सिम्युलेटरपुढें बसविलें आणि विचारलें, "आजोबा, कुठून कुठें जायचें?" उजळाईवाडीहून मुंबई ही अगदींच जवळची फेरी. मीं लंडन ते न्यूयॉर्क सांगितलें. १९६० सालीं एअर इंडियाचें बोइंग ७०७ मुंबईहून लंडनमार्गें न्यूयॉर्कला जाऊं लागलें. त्याच प्रवासाचा हा शेवटचा टप्पा.

न्यूयॉर्क लंडनच्या दक्षिणेस सुमारें ११ अंश. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून मीं सरळ रेघ ओढली. पण संगणकानें विमानाचें तोंड वायव्येस फिरविलें! यंत्र चुकलें असें मी म्हणालों. नातवानें पृथ्वीचा गोल आणून दोन्हीं शहरांमध्यें दोरा ताणला, आणि दोरा खरोखरच आधीं उत्तरेकडे झुकून मग खालीं आला. दोऱ्याची वाट सुमारें ५५४० किलोमीटरची. माझ्या पट्टीची त्याहून दोनशेंहून अधिक किलोमीटर लांब. गोलावर रेखावृत्तें ध्रुवाकडे एकमेकांजवळ येतात. भिंतीवरच्या नकाशांत तीं समांतर काढलेलीं असल्यानें उत्तरेचा मुलूख फुगून दिसतो. कित्येक वर्षें वर्गांत मीं मुलांना पट्टीनेंच अंतरें मोजावयास लाविलीं, हें कबूल करणें प्राप्त आहे.

परंतु जवळची वाट ती लवकरची वाट, असेंही नाहीं. त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. न्यूयॉर्कला जाण्यास आठ तासांच्या आसपास लागतात. परततांना वारा पाठीशीं असल्यानें तास-दीड तास वांचतो. म्हणून येथील मुख्य मार्ग कायमचे नसतात. वारा पाहून शॅनविक केंद्र दिवसाचे पश्चिमगामी आणि कॅनडांतील गँडर केंद्र रात्रीचे पूर्वगामी मार्ग रोज नव्यानें आंखतें. (शॅनन आणि प्रेस्टविक हीं नांवें जोडून शॅनविक झालें.)

पहिल्या खेपेस मीं इंधन केवळ किलोमीटरांच्या हिशेबानें भरलें. वारा समोरून. किनारा दिसण्यापूर्वींच दोन्हीं एंजिनें थंडावलीं आणि विमान समुद्रांत गेलें. पडदाच तो, तरीही घशाला कोरड पडली.

तेव्हां नातवानें आणखी एक गोष्ट शिकविली. महासागरावर यंत्र बिघडल्यास पुढें गँडरला जावें कीं मागें शॅननला फिरावें, हें निघण्यापूर्वींच ठरवावें लागतें. ज्या जागेहून दोहोंकडे सारखाच वेळ लागेल, ती जागा आधीं काढावयाची. वारा नसेल तर ती मधोमध येते. पण समोरून वारा असला म्हणजे ती पश्चिमेकडे सरकते. कारण मागें फिरणाऱ्यास तोच वारा साह्य करितो. अर्धा रस्ता ओलांडला तरी परतणेंच लवकरचें ठरूं शकतें!

दुसऱ्या खेपेस ती जागा पेन्सिलीनें खुणावून, वाऱ्यासाठीं वेगळें इंधन घेऊन निघालों. न्यूयॉर्कला चाकें टेकलीं तेव्हां कोल्हापुरांत पहांटेचे चार वाजले होते, आणि माझा शिक्षक केव्हांच झोंपीं गेला होता.