इंजिन बांधताना मापाला फाटा नको

नवरात्र जवळ आले की निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यातल्या गॅरेजांसमोर ट्रॅक्टरची रांग लागते. साखर कारखान्यांचे गाळप तोंडावर आलेले असते, ऊसवाहतुकीची बोली झालेली असते आणि गेल्या हंगामापासून धूर मारणारे इंजिन आता खोलल्याशिवाय गत्यंतर नसते. ‘दसऱ्याला गाडी दारात पाहिजे’ अशी मालकाची घाई, हातात आधीच चार कामे असलेला मिस्त्री, आणि कोऱ्या डब्यातले लायनर-पिस्टन किट. इंजिन बांधले जाते, सुरूही होते. मग ऐन गाळपात ते पुन्हा ऑइल पिऊ लागते.

अशा वेळी दोष बहुतेकदा सुट्या भागांवर ढकलला जातो. खरे कारण अनेकदा वेगळे असते. जुना भाग किती झिजला हे कोणी मोजलेले नसते आणि नवा भाग किती सैल किंवा घट्ट बसला हेही कोणी मोजलेले नसते. इंजिनचे काम म्हणजे मापाचे काम, ही गोष्ट गाडीमालकाने मनाशी पक्की धरली तर त्याची निम्मी फसवणूक टळेल.

हे कसब आपल्याच भागातले

चांगल्या कामासाठी दूर जायची गरज या भागाला नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे इथेच लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला नेला. त्याच घराण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने १९४६ पासून शेतकऱ्याच्या विहिरीवर इंजिन पोहोचवले. आज बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत. अशोक आयर्न वर्क्ससारख्या कारखान्यात वाहनांच्या इंजिनांचे सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतले जातात. महामार्गाने वर गेले की कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर लागते. ऑइल इंजिने बनवण्याचा तिथला वारसा जुना आहे. मेनन समूहाचे पिस्टन आणि इंजिन बेअरिंगही कोल्हापूर परिसरातच तयार होतात.

ज्या पट्ट्यातला कामगार रोज मायक्रॉनमध्ये माप धरतो, त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचे इंजिन अंदाजपंचे का बांधले जावे?

आधी आजार, मग औषध

इंजिन का बसले हे कळल्याशिवाय ते बांधू नये. उसाच्या फडात आणि कच्च्या वाटेवर धूळ अमाप असते. एअर क्लीनरचा पाइप चिरलेला असेल किंवा क्लिप सैल असेल तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगांना घासत राहते. नोझल गळके असेल तर थेंबथेंब पडणारे डिझेल भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातले की ब्लॉकच्या जलमार्गात क्षार धरतात, एखादा सिलिंडर जास्त तापतो आणि पिस्टन धरतो.

ही कारणे तशीच ठेवून नवे किट घातले तर तेही त्याच वाटेने जाणार. म्हणून इंजिन खोलतानाच एअर क्लीनरपासूनचा पाइप, नोझल-पंप, थर्मोस्टॅट आणि ऑइल पंप तपासून घ्यावेत. जुने पिस्टन आणि बेअरिंग भंगारात टाकण्याआधी मालकाने स्वतः पाहावेत. पिस्टन एकाच बाजूने घासला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. बेअरिंगवर खोल चरे असतील तर ऑइलमधून कचरा फिरला आहे.

बोअर कसा मोजतात

बोट फिरवून सिलिंडरची झीज कळत नाही. त्यासाठी बोअर डायल गेज लागतो, आणि तो मायक्रोमीटरवर शून्याला लावून घ्यावा लागतो. माप तीन उंचीवर घ्यायचे: वर, जिथे पहिली रिंग पोहोचून मागे फिरते तिथे, मग मध्यावर आणि शेवटी तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन मापे: एक क्रँकच्या रेषेत, दुसरे तिच्या काटकोनात. एका सिलिंडरची सहा मापे झाली. चार सिलिंडरची चोवीस.

समजा मूळ बोअर १०० मिमीचा आहे. वर काटकोनातले माप १००.१८ आले, क्रँकच्या रेषेतले १००.१२ आणि तळाशी १००.०३. म्हणजे वरच्या टोकाला बोअर ०.०६ मिमीने लंबगोल झाला आहे आणि वरून खाली ०.१५ मिमीने निमुळता झाला आहे. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर प्रत्येक फेरीत रिंग वर फाकते आणि खाली आवळते. ती नीट बसणार कशी?

आता ०.२५ मिमी ओव्हरसाइझचा पिस्टन घ्यावा का? आकड्यांनी पाहिले तर १००.१८ च्या पुढे १००.२५ आहे, म्हणजे चालावे. पण झीज चारी बाजूंनी सारखी नसते. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला ती जास्त असते. ०.१८ पैकी ०.१५ मिमी एकाच भिंतीवर असेल, आणि मूळ केंद्र धरून बोअर केला तर त्या भिंतीवरून फक्त ०.१२५ मिमी धातू निघेल. झिजलेला पट्टा तसाच शिल्लक राहील. मशीनवाल्याने झिजलेल्या भिंतीवरून केंद्र धरून तो पट्टा पुसून टाकला तर सिलिंडर आपल्या जागेवरून सरकतो. इथे ०.५० घेणेच शहाणपणाचे.

मापे थंड ब्लॉकवर, सगळी एकाच वेळी घ्यावीत. तापमान १० अंशांनी वाढले तर १०० मिमीचा बिडाचा बोअर साधारण ०.०११ मिमीने फुगतो आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या दुपटीने. उन्हातला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक मोजून फट काढली तर हिशोब चुकतो.

रिबोअर आणि होनिंग

पिस्टन आधी हातात यावेत, बोअर नंतर व्हावा. एकाच डब्यातल्या पिस्टनमध्येही थोडा फरक असतो, म्हणून प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने त्याचा सिलिंडर करायचा. बोरिंगचे हत्यार अंतिम मापाआधी साधारण ०.०५ ते ०.०८ मिमीवर थांबवतात आणि उरलेला धातू होनिंगने काढतात, कारण हत्याराने फाटलेला पृष्ठभाग होनिंगच्या दगडाने निघून जायला हवा.

होनिंगनंतर भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसतात. त्या साधारण ४५ अंशांच्या आसपास असाव्यात. या रेषांत ऑइल धरून राहते. त्या फार आडव्या झाल्या तर इंजिन ऑइल खाते, फार उभ्या झाल्या तर ऑइल खाली ओघळून रिंग कोरडी पडते. काही ठिकाणी वेळ वाचवायला हाताने एमरी पेपर फिरवून भिंत चमकवतात. चकचकीत आरशासारख्या भिंतीवर रिंग बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

लायनरचा ब्लॉक

अनेक ट्रॅक्टरांना आणि ट्रकांना बदलता येणारे लायनर असतात. नवा लायनर ठोकला की काम झाले, हा समज चुकीचा आहे. ओल्या लायनरची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर राहावी लागते. ती किती वर, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिमीच्या शंभराव्या भागात दिलेले असते. कॉलर ज्या पायरीवर टेकते ती गंजलेली किंवा वाकडी असेल तर लायनर एका बाजूला बसतो आणि हेड गॅसकेट पाणी सोडू लागते. म्हणून ती पायरी साफ करून, गरज असेल तर मशीनवर घेऊन, प्रत्येक लायनरची उंची डायल गेजने चार ठिकाणी पाहावी.

क्रँक, बेअरिंग आणि ब्लॉकचा माथा

‘क्रँक टेनला घेतला’ म्हणजे जर्नलचा व्यास दहा थाउ, सुमारे ०.२५ मिमी, कमी केला आणि त्या मापाचे जाड बेअरिंग घातले. इथे तीन गोष्टी पाहाव्यात. ग्राइंडिंगआधी क्रँक तड्यांसाठी तपासला का? जर्नलच्या कडेची गोलाई राखली का? ती धारदार कोपऱ्यासारखी झाली तर क्रँक तिथेच तुटतो. आणि क्रँकचा पृष्ठभाग नायट्राइड केलेला असेल तर ग्राइंडिंगनंतर कडकपणा उरतो का?

बेअरिंगची फट साधारणपणे ६० मिमी जर्नलला ०.०६ मिमीच्या आसपास असते. अंतिम आकडा अर्थातच मॅन्युअलचा. प्लास्टीगेजची बारीक तार जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कवर आवळली आणि उघडली की चपटलेल्या तारेच्या रुंदीवरून ही फट कळते. फट काढायला बेअरिंगखाली कागद किंवा पत्र्याची पट्टी घालणे हा शुद्ध गुन्हा समजावा.

ब्लॉकचा आणि हेडचा माथा सरळ पट्टी आणि फिलर गेजने पाहावा: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. बहुतेक इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिमीच्या पुढचा बाक चालत नाही. डिझेल ब्लॉकचा माथा तासला तर पिस्टन वर येतो, म्हणून तो किती वर आला हे मोजून योग्य जाडीचे गॅसकेट निवडावे लागते. हेड तापून गेले असेल तर फेसिंगआधी दाब देऊन तडा तपासून घ्यावा.

ताकद वाढवायची असेल तर

बेळगाव-कोल्हापूरकडच्या तरुणांना बुलेट आणि जुन्या गाड्यांची इंजिने ‘बनवून’ घ्यायची हौस आहे. हौस चांगली, पण आधी गणित करावे. युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाच्या ३५० बुलेटचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. पूर्ण १ मिमी ओव्हरसाइझ केले तरी ३५६ सीसी होतात, वाढ जेमतेम ३ टक्के. ओव्हरसाइझ हा झिजेवरचा इलाज आहे, ताकदीचा नव्हे.

कॉम्प्रेशनचे मात्र तसे नाही. ८.५ गुणोत्तराला वर उरणारी जागा सुमारे ४६ सीसी असते. सिलिंडरचा माथा १ मिमी तासला की त्यातले जवळपास ३.८ सीसी जातात आणि गुणोत्तर ९.२ च्या आसपास पोहोचते. एवढ्याने इंजिन ठोकू लागू शकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. म्हणून आधी ब्युरेटने जागा मोजावी, मग धातू काढावा.

जास्त ताकदीच्या ब्लॉकला आणखी चार गोष्टी लागतात. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकतो, म्हणून हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून होनिंग करतात. भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक गेजने पाहतात. मेन बेअरिंगची छिद्रे एका रेषेत आहेत का हे तपासून गरज पडल्यास लाइन बोअर करतात. पिस्टन आणि रॉड वजनाने जुळवतात. हे करायची तयारी नसेल तर इंजिन कंपनीच्या मापावर बांधलेले बरे.

धुणे हेही मशीनिंगच

होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी रेषांत रुतून बसते. डिझेल किंवा रॉकेलने ती सगळी निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशने बोअर घासावा, पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवावा, हवा मारावी आणि लगेच बोअरला ऑइल लावावे, नाहीतर तासाभरात गंज धरतो. चोख मशीनिंग झालेले इंजिनही या एका आळसापायी वाया जाते.

बांधणी आणि पहिले तास

रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने पाहावी. ती १०० मिमी बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी असते. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळावेत. एकदाच वापरायचे बोल्ट जुने घालू नयेत. सुरू करण्याआधी ऑइलचा दाब तयार करून घ्यावा. नवे इंजिन तासन्‌तास रिकामे फिरवत ठेवू नये. मध्यम भार दिला की वायूच्या दाबाने रिंगा भिंतीला बसतात. पहिले ऑइल ५० तासांच्या आत बदलावे.

लेखी काय मागाल

काम पावसाळ्यात द्या, दसऱ्याच्या तोंडावर नको. गाळप संपल्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेळ असतो आणि मशीनवाल्यालाही उसंत असते. बिलासोबत एक कागद मागा. त्यावर एवढे असावे:

- प्रत्येक सिलिंडरचे जुने आणि नवे माप
- प्रत्येक पिस्टनचे माप आणि त्याची फट
- जर्नलची मापे आणि बेअरिंगची फट
- लायनरची उंची, माथ्याचा बाक, हेडचा टॉर्क
- इंजिन का बसले होते, त्याचे कारण

जो मिस्त्री मोजतो त्याला हे लिहून द्यायला फार वेळ लागत नाही. अशा मिस्त्रीला दोन पैसे जास्त द्या आणि त्याचे नाव चार जणांना सांगा. मापाला किंमत देणारे गिऱ्हाईक वाढले की डायल गेज विकत घेणारी गॅरेजेही वाढतील, आणि ऐन हंगामात फडाच्या कडेला बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरांची संख्या आपोआप कमी होईल.